जर्दाळूचं लाकूड, विजेची गिटार

तिग्रान हमास्यान पियानोवर बसतो तेव्हा पाठ इतकी वाकवतो, की नाक पट्ट्यांना टेकेल की काय असं वाटावं. डावा हात खालच्या सप्तकात तुटक, जड आघात करत असतो, एखाद्या हेवी मेटल बँडचा गिटारवादक करतो तसे. उजव्या हातात आर्मेनियाच्या कुठल्याशा खेड्यातली धून असते, साधी आणि गाता येण्याजोगी. मध्येच तो शीळ घालतो, मध्येच तोंडानं ड्रमचे बोल काढतो, मध्येच पातळ, उंच आवाजात गुणगुणतो. सोबतीला बेस गिटार आणि ड्रम. सभागृहातली मंडळी पायानं ठेका धरू पाहतात आणि दोन आवर्तनांत त्यांचा पाय चुकतो.

तो चुकणारच. समजा पियानोवरची धून सात मात्रांची आहे आणि ड्रम मात्र चार-चारच्या हिशेबानं चालला आहे. दोघांची सम एकत्र यायला अठ्ठावीस मात्रा लागतात. मधल्या काळात प्रत्येक आघात भलत्याच जागी पडल्यासारखा वाटतो आणि मग एकदम सगळं जुळतं. तिग्रानच्या रचनांमधलं गणित याहून पुष्कळ चक्रावणारं असतं. त्यातला काही भाग त्यानं मशुगासारख्या स्वीडिश मेटल बँडकडून उचलला आहे. पण पाच, सात, दहा अशा मात्रांची सवय त्याला मेटलनं लावलेली नाही. ती गावच्या नाचांत आधीपासूनच होती.

'जुर्जुना' हा त्यातला एक ठेका. मात्रा दहा. आपल्याकडच्या झपतालातही दहाच, पण तिथे विभाग दोन-तीन-दोन-तीन असे पडतात, जुर्जुनात तीन-दोन-दोन-तीन. हातानं टाळी देऊन पाहावं. मात्रा तेवढ्याच, तरी चाल सर्वस्वी निराळी: सुरुवातीला आणि शेवटाला लांब पाऊल, मध्ये दोन आखूड पावलं. आवर्तन संपतं तिथलं लांब पाऊल नव्या आवर्तनाच्या लांब पावलाला जोडून येतं, आणि लंगडत चालल्याचा एक मजेशीर भास होतो. पूर्व अनातोलियातल्या आर्मेनियन लग्नांमध्ये लोक यावर पिढ्यान् पिढ्या नाचले. त्यांना ते कधी अवघड वाटलं नाही.

तिग्रानचा जन्म १९८७चा, ग्युम्रीचा. आर्मेनियातलं हे दुसऱ्या क्रमांकाचं शहर. तो दीड वर्षाचाही नव्हता तेव्हा, ७ डिसेंबर १९८८ रोजी, स्पिताकच्या भूकंपानं उत्तर आर्मेनिया उद्ध्वस्त केला. किमान २५ हजार माणसं गेली, ग्युम्रीचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. अशा गावात वाढलेल्या या मुलाच्या घरी लेड झेपलिन, डीप पर्पल, ब्लॅक सॅबथ वाजत असे, आणि त्यालाही मोठेपणी मेटल गिटारवादकच व्हायचं होतं. जॅझची गोडी काकांनी लावली. येरेवानमध्ये वाहाग हायरापेत्यान या पियानोवादकाकडे त्यानं जॅझमधली बीबॉप शैली गिरवली. पुढे कुटुंब अमेरिकेत गेलं, आणि २००६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्यानं थेलोनियस मंक आंतरराष्ट्रीय जॅझ पियानो स्पर्धा जिंकली. इथून एखादा तरुण न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबांमध्ये सुखानं रमला असता. तिग्रान मात्र उलट्या दिशेनं निघाला. २०११च्या 'अ फेबल' या एकल पियानोच्या अल्बममध्ये त्यानं 'काकाविक' वाजवलं, म्हणजे छोटी तितर. शब्द होव्हान्नेस तुमान्यान या कवीचे, संगीत कोमितास यांचं. आर्मेनियात हे मुलांचं गाणं म्हणून घरोघर माहीत आहे.

आर्मेनियन लोकसंगीताला कुणी कुठलंही आधुनिक रूप देऊ द्या, वाट कोमितास यांच्या दारावरूनच जाते. त्यामुळे इथे थोडं थांबायला हवं.

सोगोमोन सोगोमोन्यान हे त्यांचं मूळ नाव. १८६९ मध्ये ऑटोमन साम्राज्यातल्या क्युताह्या गावी जन्म. आईवडील लहानपणीच गेले. १८८१ मध्ये या अनाथ मुलाला एचमियाद्झिनच्या धर्मविद्यालयात आणण्यात आलं तेव्हा त्याला आर्मेनियन बोलताही येत नव्हतं, कारण त्याच्या गावचे आर्मेनियन तुर्की बोलत. प्रवेश मिळाला तो गळ्याच्या जोरावर. पुढे दीक्षा घेऊन हा मुलगा 'कोमितास' झाला, बर्लिनला जाऊन १८९६ ते १८९९ अशी तीन वर्षं पाश्चात्त्य संगीत शिकून आला, आणि गावोगाव हिंडून गाणी लिहून घेऊ लागला. नांगरणीची, पेरणीची, लग्नाची, पाळण्याची. गाणं ज्या कामासोबत जन्मतं त्या कामाच्या जागीच ते ऐकलं पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष. लोरी भागातल्या वार्दाब्लुर गावच्या नांगरणीच्या गाण्यावर त्यांनी सविस्तर अभ्यासच लिहिला. त्या गाण्यात नांगऱ्याचे बैलांना घातलेले हाकारे हाही रचनेचाच भाग असतो. त्यांनी टिपलेल्या गाण्यांची संख्या तीन हजारांवर सांगतात. त्यांतली सुमारे १,२०० उरली.

या अभ्यासातून त्यांच्या हाती जे लागलं, ते सरगम माहीत असलेल्या मराठी वाचकाला चटकन कळेल. आर्मेनियन धून चार-चार स्वरांच्या गटांनी बांधलेली असते. आपल्या सप्तकातही असे दोन गट दाखवता येतात: सा रे ग म, आणि त्याच्या शेजारी प ध नी सां. आर्मेनियन रीत वेगळी आहे. तिथे पहिल्या गटाचा शेवटचा स्वर हाच पुढच्या गटाचा पहिला. 'सा रे ग म' झालं की त्या मध्यमालाच षड्ज मानायचं आणि पुढे म, प, ध, कोमल नी असं जायचं. मग त्या कोमल निषादावर तिसरा गट: नी, सां, रें आणि कोमल गं. म्हणजे खालचा गंधार शुद्ध आणि वरचा कोमल! सप्तक पूर्ण होऊन पुन्हा तेच स्वर यावेत, हा आपल्याला इतका अंगवळणी पडलेला नियम इथे लागूच होत नाही. साखळी पुढे चालत राहते.

युरोपीय पद्धतीचे कॉर्ड नेमके सप्तकाच्या याच नियमावर उभे आहेत. ते अशा धुनीखाली सरसकट ठेवले तर धून गुदमरते. कोमितास यांनी बर्लिनमध्ये शिकलेली विद्या तशीच्या तशी लादली नाही. कुठे एक स्वर खाली धरून ठेवला, कुठे षड्ज-मध्यम, षड्ज-पंचमाचे मोकळे संवाद वापरले, कुठे गायकवृंदातल्या प्रत्येक आवाजाला स्वतःची वेगळी चाल दिली. मिश्रण कसं करावं याचा हा वस्तुपाठ आहे, आणि आज जॅझ किंवा रॉकच्या अंगानं आर्मेनियन धुनींकडे जाणाऱ्या कुणालाही तो टाळता येत नाही.

'लोकसंगीत शुद्ध, त्यात भेसळ नको' म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. खेड्यातलं एका आवाजाचं गाणं चार आवाजांत बांधून शहरी रंगमंचावर आणणं, हाच त्या काळचा धाडसी प्रयोग होता. १९०६ मध्ये पॅरिसमध्ये कोमितास यांची मैफल झाली आणि तिथल्या संगीतवर्तुळात तिची चर्चा झाली. १९१० पासून कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्यांनी 'गुसान' नावाचा तीनशे गायकांचा वृंद उभा केला, तेव्हा चर्चमधल्या कर्मठांनी आक्षेप घेतला: धर्मसंगीत मैफलीच्या सभागृहात कसं काय गाता? आजच्या फ्यूजन कार्यक्रमांना जो राग सहन करावा लागतो, तो आज शुद्धतेचा मानदंड मानल्या गेलेल्या माणसाच्याही वाट्याला आला होता.

२४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमधल्या आर्मेनियन विचारवंतांची आणि कलावंतांची धरपकड झाली. त्यात कोमितास होते. पुढच्या काळात झालेल्या वंशसंहारात मारल्या गेलेल्यांचा आकडा १५ लाखांपर्यंत सांगितला जातो. कोमितास यांची सुटका झाली, ते परत आले, पण मन सावरलं नाही. आयुष्याची शेवटची जवळपास दोन दशकं त्यांनी मनोरुग्णालयांत काढली. १९३५ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं. ज्या गावांमधली गाणी त्यांनी लिहून घेतली, त्यांतली कित्येक गावं तोवर आर्मेनियनांची उरलीच नव्हती.

आर्मेनियन संगीत म्हटलं की जगाला आठवतं ते वाद्य मात्र दुदुक. मराठी प्रेक्षकांनी ते नाव न कळताही ऐकलेलं आहे: 'ग्लॅडिएटर' या २००० सालच्या चित्रपटात. जर्दाळूच्या लाकडाची साधारण वीतभर ते हातभर लांबीची नळी आणि तिच्या तोंडाशी बोरूची चपटी, रुंद पत्ती. सनईसारखंच पत्तीचं वाद्य, पण सनई खाली पसरट होत जाते आणि दुदुकची पोकळी सरळ, नळीसारखी एकसारखी असते. त्यामुळे सनईचा स्वर उंच आणि झळाळता, तर दुदुकचा त्याच लांबीत कितीतरी खालचा, घोगरा आणि मऊ. आणखी एक साम्य सनई ऐकणाऱ्यांना लगेच जाणवेल. सनईच्या ताफ्यात एक जण नुसता सूर धरून बसलेला असतो. तसाच दुदुकचा दुसरा वादक 'दाम' धरतो. गाल फुगवून, श्वास न तोडता, नाकानं हवा घेत आणि तोंडानं सोडत तो एकच स्वर मिनिटामागून मिनिटं चालू ठेवतो. टाळ्या मुख्य वादकाला मिळतात, पण दाम डळमळला तर मुख्य वादकाला काही करता येत नाही. युनेस्कोनं २००५ मध्ये दुदुक संगीताला मानवी वारशाच्या उत्कृष्ट नमुन्यांत स्थान दिलं.

दुदुकला खेड्याबाहेर नेण्याचं मोठं श्रेय जिवान गास्पार्यान यांचं (१९२८ ते २०२१). सोव्हिएत काळात निघालेली त्यांची तबकडी संगीतकार ब्रायन ईनो यांच्या कानी पडली आणि १९८९ मध्ये ती पश्चिमेत प्रसिद्ध झाली. नाव, 'आय विल नॉट बी सॅड इन धिस वर्ल्ड'. दोन दुदुक, बाकी काही नाही. पुढे गास्पार्यान यांनी क्रोनोस क्वार्टेटबरोबर वाजवलं, कॅनडाचे गिटारवादक मायकल ब्रूक यांच्याबरोबर 'ब्लॅक रॉक' हा अल्बम केला, 'ग्लॅडिएटर'चे संगीतकार हान्स झिमर यांच्यासाठी वाजवलं. २०१०च्या युरोव्हिजन स्पर्धेत एव्हा रिवास हिच्या गाण्यात ऐंशी ओलांडलेले गास्पार्यान ऑस्लोच्या रंगमंचावर दुदुक घेऊन उभे होते.

या यशानं एक खोडही लावली. चित्रपटवाल्यांना कळलं, की पडद्यावर काहीतरी प्राचीन आणि दुःखी दाखवायचं असेल तर दुदुक लावला की काम होतं. रोमन योद्धा असो, जेरुसलेम असो, की 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'मधलं अंतराळयान असो, दुदुक हजर. सिंथेसायझरच्या धुक्यावर चार लांब सूर सोडायचे आणि त्याला फ्यूजन म्हणायचं, ही पळवाट मैफलींतही बोकाळली आहे. त्यात आर्मेनियाचा रंग येतो, पण स्वरांच्या त्या साखळीची चाल येत नाही, मात्रांचं लंगडणं तर नाहीच. आणि हेच आर्मेनियन लोक मनसोक्त हसतात, नाचतात, लग्नात सनईच्या कुळातली झुर्ना आणि ढोल लावून रस्ता दणाणून सोडतात, हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. (तिथला ढोल हातानं वाजवतात, आपल्यासारखा टिपरूनं नव्हे.)

रंगमंचावर दुदुक आणि ड्रमसेट एकत्र आणणं तांत्रिकदृष्ट्याही सोपं नाही. दुदुकची धाव सप्तकाहून थोडीशीच जास्त. पट्टी बदलली की वादकाला दुसरं दुदुक उचलावं लागतं, म्हणून तो दोन-चार सोबतच ठेवतो. पत्ती कोरडी झाली की बोलत नाही, ओली जास्त झाली तर स्वर उतरतो. वादक ओठांच्या दाबानं स्वर किंचित वर-खाली करत असतो, आणि शेजारचा पियानो मात्र जागचा हलत नाही. शिवाय झांजेच्या एका फटक्यात त्याचा आवाज बुडून जातो. म्हणून चांगले बँड दुदुकच्या वेळी ड्रमला चक्क थांबवतात, आणि दाम धरायचं काम बेस गिटारकडे देतात.

मिश्रणाचा इतिहास आर्मेनियात आणि आर्मेनियाबाहेर समांतर चालला. १९३८ साली येरेवानमध्ये दोन सरकारी ताफे उभे राहिले: तातुल आल्तुन्यान यांचा लोकगीत-नृत्य ताफा आणि आर्तेमी आयवाझ्यान यांचा जॅझ ऑर्केस्ट्रा. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच सरकारच्या पैशावर. दुसरीकडे अमेरिकेत गेलेल्या निर्वासितांची मुलं लग्नांत आणि सहलींत ऊद हे तंतुवाद्य, क्लॅरिनेट आणि ढोल घेऊन 'केफ' संगीत वाजवत होती. केफ म्हणजे मौजमजा. त्याच परंपरेतले ऊदवादक जॉन बर्बेरियन यांनी १९६९ मध्ये 'मिडल ईस्टर्न रॉक' नावाची तबकडी काढली, ऊदच्या शेजारी घोगरी विजेची गिटार बसवून. ती आज ऐकली तरी ताजी वाटते. कारण सोपं आहे: बर्बेरियन यांच्यासारखे केफवाले त्या ठेक्यांवरच वाढलेले होते, त्यांच्यावर ठेका समजावून घ्यायची वेळच आली नाही.

मग आर्तो तुंचबोयाज्यान. इस्तंबूलच्या आर्मेनियन कुटुंबातला हा तालवादक कोकच्या बाटलीत फुंकर मारूनही मैफल उभी करतो. १९९८ मध्ये त्यानं येरेवानच्या तरुण वादकांना घेऊन 'आर्मेनियन नेव्ही बँड' काढला. आर्मेनियाला समुद्रकिनाराच नाही, त्यामुळे नाव ऐकूनच हसू येतं. या बँडमध्ये एका बाजूला ट्रंपेट, सॅक्सोफोन, पियानो, आणि दुसऱ्या बाजूला दुदुक, झुर्ना आणि कमांचा, कानून ही तंतुवाद्यं. पियानोवर तिग्रानचे गुरू हायरापेत्यान. त्यांच्या कार्यक्रमात कुणी कुणाला साथ करतंय हे ठरवता येत नाही. सात मात्रांची धून पितळी वाद्यं उचलतात, झुर्ना त्यांच्यावर चढते. २००६ मध्ये बीबीसी रेडिओ ३च्या जागतिक संगीत पुरस्कारांत श्रोत्यांच्या पसंतीचा मान त्यांना मिळाला.

आर्तोचा आवाज मात्र लाखो लोकांनी भलत्याच ठिकाणी ऐकला आहे. 'सिस्टिम ऑफ अ डाउन' या लॉस एंजेलिसच्या मेटल बँडच्या २००१च्या 'टॉक्सिसिटी' अल्बमच्या अखेरीस, शेवटचं गाणं संपल्यावर, एक न सांगितलेला तुकडा येतो. तो आर्तोबरोबर केलेला, आर्मेनियन चर्चमधल्या प्रार्थनेवर आधारलेला. बँडचे चारही सदस्य आर्मेनियन वंशाचे, वंशसंहारातून वाचलेल्यांची नातवंडं. २३ एप्रिल २०१५ला, शंभराव्या स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी, त्यांनी येरेवानच्या रिपब्लिक चौकात पहिल्यांदाच आपल्या पूर्वजांच्या देशात वाजवलं. प्रवेश मोफत, वरून पाऊस, आणि दोन तासांहून अधिक काळ तीसहून जास्त गाणी. त्या रात्री दुदुकची गरज पडली नाही. बँडचा गायक सर्ज टँकियन स्वर लांबवतो, कापतो, अर्ध्यावर वळवतो, त्यात चर्चमधलं गाणं कानाला लागतं ते लागतंच.

सगळ्यांनाच असं जड व्हावं लागत नाही. लादानिवा ही जोडी लिल शहरातली: आर्मेनियात जन्मलेली जाकलिन बाग्दासार्यान आणि फ्रेंच वादक लुई थोमा. बँडचं नाव रशियन लाडा निवा गाडीवरून घेतलेलं. बाल्कन ब्रास, रेगे, रियुनियन बेटाचं मालोया, सगळं त्यांच्या भांड्यात पडतं आणि वर आर्मेनियन लोकगायकीचा मोकळा गळा. २०२४च्या युरोव्हिजनमध्ये त्यांचं 'जाको' आठवं आलं. मुलीनं कसं वागावं हे शिकवणाऱ्यांना या गाण्यात चांगलं सुनावलेलं आहे, तेही नाचत नाचत. येरेवानमध्ये मिकायेल वोस्कान्यान हा तार या तंतुवाद्यावर फंक आणि जॅझ वाजवतो, आणि त्याच्या बँडच्या कार्यक्रमांना तरुणांची गर्दी असते.

तिग्रान स्वतः अलीकडे गोष्टी सांगू लागला आहे. २०२४च्या जूनमध्ये ॲमस्टरडॅमच्या हॉलंड महोत्सवात त्यानं 'द बर्ड ऑफ अ थाउजंड व्हॉइसेस' सादर केलं. मूळ कथा 'हझारान ब्लबुल', हजार सुरांच्या बुलबुलाची: राजाची बाग सुकून जाते आणि धाकटा राजपुत्र तिला जिवंत करणारा पक्षी शोधायला निघतो. रंगमंचावर पियानो, सिंथेसायझर, ड्रम, गायक, प्रकाशाची दृश्यं. काही ठिकाणी हे सगळं जरा जास्तच होतं, आणि त्याच्या एकट्याच्या पियानोची आठवण येते. पण ताल कुठेही सैल पडत नाही.

ही सगळी मंडळी ज्या नाचांवर वाढली, ते नाच काचेच्या कपाटात गेलेले नाहीत, हेही खरं. येरेवानमध्ये 'कारिन' हा समूह उघड्यावर, कुणीही यावं आणि शिकावं अशा पद्धतीनं जुने नाच शिकवतो. खांद्याला खांदा लावून एका ओळीत नाचायचा कोचारी २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, एप्रिल-मे २०१८ मध्ये, सरकारविरोधी आंदोलनात तरुणांनी येरेवानचे चौक अडवले, तेव्हा घोषणांच्या अधेमधे ढोल आणि झुर्ना सुरू होई आणि रस्त्यातच कोचारीच्या रांगा लागत. अखेर पंतप्रधानांनी राजीनामा दिला. मेमध्ये टँकियन विमानानं येरेवानला उतरला आणि त्या गर्दीत जाऊन सामील झाला.